टाकी दारात जाऊन बघायची

दुष्काळाचा उन्हाळा होता. नेकनूरकडच्या आमच्या गावाला पाणी पुरवायला सहकारी सोसायटीचा एकच टँकर, आणि त्याच्या फेऱ्या ठरलेल्या. टोकाच्या आमच्या बौद्ध वस्तीपर्यंत येईतो फेऱ्या संपायच्या. मी अंबाजोगाईला प्रोग्रॅमिंग शिकून आलेलो, म्हणून फेऱ्या लावायचं काम माझ्याकडे आलं.

प्रत्येक वस्तीवरून टाकीची पातळी मोबाईलवर यायची. ड्रायव्हरने बटण दाबलं की अर्ध्याहून रिकामी टाकी असलेली पुढची वस्ती त्याला दिसायची. हे दोन तऱ्हांनी करता येतं. सकाळीच सगळ्या वस्त्या गाळून यादी बांधायची आणि दिवसभर तीच ओढायची. नाहीतर गाळणी नुसती लावून ठेवायची. लूप, म्हणजे वस्त्या एकेक करून तपासणारा प्रोग्रॅमचा फेरा, ज्या वस्तीपाशी येईल तिची टाकी तेव्हाच बघायची. मी दुसरी तऱ्हा लिहिली. पुस्तकात तिला आळशी म्हणतात. म्हणू द्या.

पहिल्याच दिवशी बोंब उठली. सोसायटीच्या एका संचालकाची वस्ती उताराला. वरच्या वस्तीची टाकी भरली की पाइपातून त्याचीही भरायची. तरी आधी सकाळच्या यादीमुळे टँकर तिथे जायचाच, आणि ते पाणी त्याच्या मोसंबीच्या बागेला. त्या दिवशी लूपला टाकी भरलेली दिसली. टँकर पुढे आमच्याकडे आला.

संचालक सोसायटीत आला. "काहून रे, सकाळी माझी वस्ती नंबरात व्हती ना?"

"व्हती. तवा टाकी रिकामी व्हती."

"मंग मधीच कशी गळाली?"

"मधी टाकी भरली, भाऊ." मालक म्हणायचं मी कॉलेजातच सोडलं होतं.

सोसायटीचे चेअरमन हसले. "लई शिकलास. सकाळची यादी पक्की कर, न्हाईतर हापिसाची चावी ठेव."

यादी पक्की करायला प्रोग्रॅममध्ये एक ओळ पुरली असती. मी चावी ठेवली. घरी येऊन पत्रक लिहिलं आणि वस्तीत वाटलं: सकाळी रिकामी होती म्हणून दुपारी भरल्या टाकीत पाणी ओतणार काय? टाकी दारात जाऊन बघा!

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरच्या हातात कागदाची यादी होती. माझी चुलती टँकरला आडवी उभी राहिली. "यादीपरमानंच चल. पर झाकण मी उघडणार."

"चढा मामी," ड्रायव्हर म्हणाला. "मला बी भरल्यात भर टाकायचा कटाळा आलाय."

वरची वस्ती झाली. संचालकाच्या टाकीवर चढून चुलतीने झाकण उचललं. पाणी काठाला लागलं होतं. खाली संचालक ओरडत होता.

"गाडी वळीव," ती म्हणाली.