बिजलीला डाळ कुणी दिली?

आधी माझा एक मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला तोंड मोकळं राहील. डोक्याला लावलेला कलप धुवायचा होता, म्हणून मी माझ्या नातीला घोडीवर बसवून ठेवलं, घोडी न बांधता, आणि बाथरूममध्ये गेले.

हसा, हसून घ्या. तेव्हा मी चौसष्ट वर्षांची होते, म्हणजे तरुणच! एक पांढरा केस दिसला तर जग बुडेल असं वाटणारी ती बाई आता डोळ्यांसमोर आली की मलाच तिचे कान उपटावेसे वाटतात.

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. आयुष्यभर सरकारी दवाखान्यात नर्स होते. "कोपऱ्यातल्या खाटेवर बाई दिसते" म्हणणाऱ्या नव्या सिस्टरांना मी स्वतः पांढरी चादर पांघरून घाबरवलंय. आमच्या घरी बुद्धवंदना होते. अंगारेधुपारे, उतारे असलं काही नाही. त्यामुळे इथे ग्रुपवर तुम्ही सगळे भुताचे अनुभव लिहिता ते मी आजवर चहाबरोबर करमणूक म्हणून वाचत आले. आज स्वतःच लिहायला बसलेय... असो.

आम्ही मूळचे ठाणे पूर्वेचे, कोपरीचे. माझा मुलगा राहुल याने चांगली नोकरी सोडली आणि कल्याण-मुरबाड रस्त्याला, रायत्याच्या पुढे, भाड्याच्या शेतात घोडे पाळले. दोन घोडे, एक घोडी, पत्र्याचं छप्पर, बाजूला दोन खोल्या. मे महिन्यात डोंबिवली-ठाण्याची पोरं यायची. सकाळी ऊन चढायच्या आत आणि संध्याकाळी, ओढ्याच्या सुक्या पात्रातून माळावर आणि परत, अशी फेरी. दुपारी सगळं बंद. घोडेही झोपायचे, आम्हीही.

घोडीचं नाव बिजली. नाव बिजली आणि चाल लोडशेडिंगची! विठ्ठलवाडीच्या अन्वरभाईंकडून घेतलेली. जन्मभर वरातीला उभी राहिलेली. बँड वाजो, कानाशी फटाक्यांची माळ फुटो, कान हलवायची नाही. खोड एकच. वरात निघायच्या आधी नवऱ्याची बहीण घोडीला भिजवलेली चणाडाळ खाऊ घालते ना, ती सवय हाडात मुरलेली. अन्वरभाईंनी घेतानाच सांगितलं होतं, "सिस्टर, बाईमाणसाच्या हातची भिजलेली डाळ खाल्ल्याशिवाय ही पहिलं पाऊल टाकणार नाही. मारा, ओढा, हातापाया पडा. कोरडी डाळ थुंकून टाकते. लाडात वाढलीय."

राहुल मागून ढकलायचा, ही खांबासारखी उभी. मी ओंजळीत मूठभर ओली डाळ धरली की मऊ ओठांनी टिपायची आणि मग निघायची. सून शीतल ठाण्याला नोकरीवर जायची, म्हणजे शेतावर बाईमाणूस मीच. त्याचा मला केवढा तोरा! राहुलला म्हणायचे, "तुझा धंदा माझ्या ओंजळीवर चाललाय, लक्षात ठेव."

त्या दिवशी डाळ भिजत घालायला मी विसरले होते, त्यामुळे बिजली सकाळच्या फेरीला हललीच नव्हती.

राहुल टेम्पो घेऊन कल्याणला चारा आणायला गेलेला. सांची, माझी नात, तेव्हा अकरा वर्षांची, शाळेला सुट्टी लागलेली. दुपारभर माझ्यामागे भुणभुण. "आजी, बसव ना बिजलीवर. आजी, नुसतं बसव." माझ्या डोक्यावर कलप थापलेला, वेळ भरत आलेली. म्हटलं, बसव एकदाचं, गप तरी बसेल. राहुलने सकाळी घातलेलं खोगीर, लगाम सगळं तसंच होतं. आंब्याच्या सावलीत सांचीला वर चढवलं, गळ्यातला दोर खोगिरावर गुंडाळला. बांधायला पाहिजे, हे डोक्यात आलं होतं. पण म्हटलं, डाळ तर घरात भिजलेलीच नाही, ही जातेय कुठे?

"हलू नकोस हं. मी आले डोकं धुऊन."

"लवकर ये."

नळ सोडला. पाणी तापलेलं, थेंब थेंब येणारं. अर्धं डोकं ओलं झालं असेल, तोच बाहेर टापा वाजल्या. बिजलीच्या टापा मी ओळखायचे, संथ, पेंगुळलेल्या. या तशा नव्हत्याच.

बाहेर आले तर आंब्याखाली कोणी नाही.

छपराच्या कडेला गांधीलमाशा घोंघावत होत्या. तिथे त्यांचं पोळं आहे, हे मला माहीत होतं. राहुल दोन दिवस म्हणत होता, काढायला पाहिजे. फटाक्यांना न घाबरणारी घोडी गांधीलमाशी चावल्यावर काय करील, हा विचार माझ्या अकलेला शिवलाच नव्हता.

मी धावले. अनवाणी. वैशाखातली जमीन, तव्यासारखी. आधी ओढ्याकडे गेले, कारण फेरीची वाट तिकडे. "सांचीऽऽ" म्हणून ओरडले. ओढ्यात कोणी नाही. वर माळावर चढले. नुसतं ऊन थरथरतंय, दूर वीटभट्टीचा धूर. डोक्यावरचा अर्धा कलप घामाबरोबर तोंडावर, डोळ्यांत उतरत होता. पदराने पुसायचे आणि पुन्हा ओरडायचे.

कमरेला खोचलेला फोन काढून राहुलला लावला. म्हटलं, "घोडी उधळली. सांची वर आहे." मागे बाजारातल्या हमालांचा गलका ऐकू येत होता. तो एवढंच म्हणाला, "आई, विहिरीकडे बघ."

ती विहीर माझ्या डोक्यातच आली नव्हती. पश्चिमेला पडीक शेतात बिनकठड्याची जुनी विहीर, भोवती कमरेएवढं वाळलेलं गवत. माणूस दहा पावलांवर येईपर्यंत दिसायची नाही. आम्ही पोरांना त्या बाजूला फिरकूही देत नव्हतो.

वाटेत शेजारच्या शेतातली हिराबाई भेटली. माझं काळ्या ओघळांचं तोंड बघून तिने आधी छातीवरच हात मारला.

"काय झाला सिस्टरबाय?"

"पोर... घोडी... विहिरीकडे..."

तिने डोक्यावरचा भारा तिथेच टाकला आणि माझ्यापुढे धावली. पडीक शेताच्या बांधावर थांबून खाली बोट दाखवलं. मऊ मातीत टापा उमटलेल्या. खोल, लांब लांब, भरधाव घोड्याच्या. सरळ गवतात शिरलेल्या, सरळ विहिरीच्या दिशेने.

मी तिथेच बांधावर खाली बसले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नातेवाइकांना "धीर धरा" म्हणत आले, त्या शब्दात काहीही नसतं हे तेव्हा कळलं. मला फक्त दिसत होती शीतल, संध्याकाळी कामावरून येणारी, आणि तिला मी काय सांगणार? की सासूबाईंना केस काळे करायचे होते? मनात म्हटलं, मला ने. आत्ता, इथेच ने, पण ती पोर दे. कोणाला म्हटलं, माहीत नाही. मागायला माझ्याकडे देव नव्हता, तरी मागितलं.

आणि गवतापलीकडून हिराबाई ओरडली, "हाय! हाय पोर! जित्ती हाय!"

विहिरीच्या अलीकडे, जेमतेम खाटेएवढ्या अंतरावर, बाभळीला बिजली बांधलेली होती. हो, बांधलेली. सांची वर बसलेली, उन्हाने लाल झालेली, लगाम दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. मी तिला ओढून खाली घेतलं आणि इतकी आवळली की ती म्हणाली, "आजी, दुखतंय." मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली,

"तू परत केस काळे केलेस?"

मला आधी कळलंच नाही.

"आत्ता पांढरे होते ना. आणि किती वेळ लावलास! मी येते म्हणालीस आणि गेलीस."

"कोण गेली?"

"तूच. बिजलीला काहीतरी चावलं, ती पळायला लागली, मी ओरडत होते. मग इथे तू समोर उभी होतीस, हात असे पुढे करून. तुझ्या ओंजळीत डाळ होती. बिजली थांबली, खाल्ली. तू तिला बांधलंस. आणि तुझ्या हाताला पट्टी होती, इथे, या डाव्या हाताला. ती कुठे गेली?"

माझ्या हाताला काहीच नव्हतं.

हिराबाई एकदा माझ्याकडे बघे, एकदा विहिरीकडे. मी नर्स, म्हटलं, ऊन लागलंय, भ्रम झालाय पोरीला. दोर सोडायला गेले आणि हात तसाच राहिला. घोडेवाले ओढली की सुटणारी गाठ मारतात. बाभळीला तशी गाठ नव्हती. मोडलेला हात झोळीत बांधताना आम्ही नर्स मारतो ती, चपटी, दोन्ही टोकं आत खोचलेली गाठ होती. टोकं खोचायची माझी खास पद्धत, हाताखालच्या सिस्टर त्यावरून माझी चेष्टा करायच्या. शेतावर दुसरं कोणी तशी गाठ मारत नव्हतं.

बिजलीच्या मानेवर गांधीलमाशीच्या चाव्यांची सूज आलेली. आणि ओठांना पिवळे कण चिकटलेले. मी बोटावर घेऊन दाबले. डाळ होती... भिजलेली, मऊ. घरी येऊन आधी डबा उघडला. कोरडी खडखडीत.

राहुलने आसपासच्या सगळ्या वस्त्यांवर विचारलं. पांढऱ्या केसांची, हाताला पट्टी बांधलेली बाई कोणाच्याच पाहण्यात नव्हती. तो म्हणाला, "कोणी वाटसरू असेल." मी म्हटलं, "हो, आणि वाटसरू भिजवलेली डाळ घेऊन वैशाखात फिरत असेल." शीतलला मी सगळं खरं सांगितलं, कलपासकट. ती माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही, आणि ते योग्यच होतं.

कलपाची बाटली मी त्याच दिवशी कचऱ्यात टाकली. पुढे बिजली म्हातारपणाने गेली, राहुलने ते शेत सोडलं, आम्ही पुन्हा कोपरीला आलो. डोकं आता कापसासारखं पांढरं आहे. तो विषय घरात कोणी काढत नाही. मी मात्र बरेचदा उलटापालटा करून पाहिलाय. उन्हाचा भ्रम म्हणावा तर गाठ कुणी मारली? वाटसरू म्हणावी तर माझी गाठ तिला कशी यावी?

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळंच आहे. या उन्हाळ्यात मी ओट्यापाशी घसरले आणि डावं मनगट मुरगळलं. स्वतःच क्रेप बँडेज बांधलं. परवा दुपारी कैरी घालून वाटली डाळ करायची म्हणून चणाडाळ भिजत घातली होती. नीट भिजली का बघायला ओंजळभर वर काढली आणि उजेडासाठी दाराकडे वळले. दारात सांची उभी. आता अठराची झालीय, कॉलेजातून आलेली, खांद्यावर बॅग. माझ्याशी चढ्या आवाजात भांडणारी पोर. ती माझ्या केसांकडे बघत होती, मग पट्टीकडे, मग ओंजळीकडे. तोंडावरचा रंग उतरला. बॅग खाली पडली, तिचं लक्षही नव्हतं. आणि अकरा वर्षांच्या पोरीच्या आवाजात मला म्हणाली,

"आजी, लवकर जा ना गं... मी तिथे एकटी आहे."