टर्पेंटाइनचा बोळा

शेटजी आईच्या चित्रापुढे हात जोडून उभे राहिले. म्हणाले, “माय मन्हाकडे देखी ऱ्हायनी.” डोळ्यांत पाणी. मग त्यांना माझ्या हातातला ब्रश दिसला.

“मास्तर, मन्ही मायना तोंडले भिलनी पोरना हात?”

पेंटरमास्तर पुढे झाले. टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि चित्रातलं तोंड पुसलं. कपाळ वाळलेलं होतं, ते राहिलं. डोळे ओले होते. गालांवरून खाली वाहिले.

मी सोळा वर्षांची असेन.

मास्तर शहाद्यात मेलेल्या माणसांची तैलचित्रं काढायचे. घरची माणसं फोटो द्यायची. चित्र देवाजवळ लागायचं, त्याला रोज हार. चौथीनंतर मी त्यांच्याकडे झाडायला, ब्रश धुवायला लागले. भिंतीवर त्यांच्या गुरूंनी रंगवलेली एक म्हातारी होती. शिष्यांना ते तिचीच नक्कल करायला लावायचे. शिष्य सावलीत काळा फासायचे. मी उरलेला रंग पुठ्ठ्यावर घेऊन तीन वर्षं तीच म्हातारी काढली. तेव्हा कळलं, सावलीत काळा नसतोच. तपकिरी असतो, लाल असतो, जरासा हिरवा. माझ्या आईच्या गालाखाली असतो तसा.

मास्तरांचा हात कापायला लागला, तशी तोंडं मी काढू लागले. खाली सही त्यांची.

शेटजींच्या आईचा फोटो उडालेला होता. त्यात डोळे नव्हतेच. पण मला ते पाठ होते. आई आणि मी लाकडं विकायला गेलो की ती शेठाणी आम्हाला वरून पाणी ओतायची, भांडं लांब धरून. मी ओंजळ लावून खालून तिच्याकडे बघायची. ती अशीच बघायची. शेटजींनी आई ओळखली, ती त्या डोळ्यांवरून.

शेटजी गेल्यावर मास्तर हळूच म्हणाले, “पोरी, डोळा परत काढी दे. मी सांगसू, मीच काढात.”

“मंग तुम्हीच काढा,” मी म्हटलं. ब्रश धुतला नाही. तसाच ठेवला आणि निघाले.

त्यांनी काढले. शेटजींनी हार घातला. ते डोळे कुणाकडेच बघत नव्हते.

पुसलेली शेठाणी अजून माझ्यापुढे येते. कपाळ धड, खाली सगळं वाहिलेलं. मी तिला पाणी देत नाही. डोळेही देत नाही.

आईचा फोटो कधी निघालाच नव्हता. तिचं चित्र मी आठवणीतून काढलं. खाली माझं नाव घातलं, चौथीतल्या अक्षरात, मोठं. तेव्हापासून एकच अट. माझं नाव नको असेल, तर माझ्या हातचे डोळे मिळणार नाहीत.