म्हशीच्या हौदातलं शुद्ध पाणी

निमगाव सावा या गावातल्या आमच्या घरी पाणी शुद्ध करायचं आरओ मशीन मीच बसवलं आणि चुकीचं बसवलं. त्यातून दोन नळ्या निघतात. शुद्ध पाण्याची माठात सोडायची होती आणि क्षार उरलेल्या पाण्याची खिडकीतून म्हशीच्या हौदात. मी त्या उलट्या लावल्या.

त्यानंतर घरात डाळ शिजेनाशी झाली. मेव्हणा जेवायला आला, तेव्हा त्याच्यादेखत मी बायकोला म्हणालो, "एवढं शुद्ध पाणी दिलं, तरी तुला साधी डाळ जमंना?" भावासमोर तिची मान खाली गेली. मी मात्र पाण्यावर व्याख्यान देत राहिलो.

दुसऱ्या दिवशी ती कुकर घेऊन गोठ्याकडं निघाली.

"म्हशीच्या पाण्यात डाळ?" मी ओरडलो.

"हौदात नाय, वर नळीखाली धरते. त्या पाण्यात साबणाला लई फेस येतो. डाळबी शिजंल."

डाळ शिजली. मग मी दोन्ही पाणी चाखलं. म्हैस आमच्यापेक्षा चांगलं पाणी पीत होती.

मेव्हण्याला पुन्हा जेवायला बोलावून मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दाजी, पुढच्या जन्मी मला तुमच्या गोठ्यातच बांधा."

मला हसता आलं नाही. त्याच्यासमोरच मी बायकोला म्हणालो, "डाळ तुझ्यामुळं बिघडली नव्हती. नळ्या मी उलट्या जोडल्या आणि बोल तुला लावला. मला माफ कर."