शेवटच्या ओळीतलं नाव

देवावर माझा राग नव्हता, कारण राग धरावा इतकी आमची ओळखच नव्हती. वीज खात्यात हयात गेली. तारेत प्रवाह असला तर दिवा लागतो, नसला तर लागत नाही, एवढंच माझं तत्त्वज्ञान. देव्हारा बायकोच्या ताब्यात. सुमन दर मंगळवारी हर्सूलला देवीच्या दर्शनाला जायची आणि मी रेडिओवरच्या बातम्या ऐकत म्हणायचो, "माझ्या वाट्याचंही मागून घे." तीही ठसक्यात उत्तर द्यायची, "अहो, मागतेच मी. तुम्हाला कुठं मागता येतंय?"

मग एका सकाळी चहाचा कप तिच्या उजव्या हातातून निसटला. अर्धांगवायूचा झटका होता. हातपाय हळूहळू सावरले, वाचा मात्र गेली. तिला सगळं कळायचं, ओठ हलायचे, पण शब्द बाहेर पडत नव्हता. डॉक्टर म्हणाले, येईलही, न येईलही, वाट बघा. सुमननं मला कधी नावानं हाक मारली नव्हती. आमच्याकडं ती रीतच नाही. लग्नात उखाण्यात नाव घेतलं तेवढंच, पुढचा सगळा संसार 'अहो'वर चालला. तो 'अहो' गेला आणि मला घर खायला उठलं. माणूस समोर बसलेलं असताना घर इतकं सुनं होऊ शकतं, हे मला ठाऊक नव्हतं.

बोलता येत नसलं तरी मंगळवार तिला बरोबर कळायचा. चपला घालून दारात उभी राहायची. मग क्रांती चौकातून ओळखीच्या रफिकची रिक्षा करून मी तिला घेऊन निघायचो. देवळात भजनी मंडळ असायचं. पेटी, तबला, कर्कश माईक. सुमन आत बसायची आणि मी बाहेर लिंबाखाली चपला राखत बसायचो. असंच एकदा मंडळानं आवरतं घेतलं, माईक बंद झाला आणि पायरीवर बसलेल्या एका बाईनं खंजिरीवर थाप मारली.

आवाज कोरडा होता, वरच्या सुराला जरासा फाटायचा. पण ती तो लपवत नव्हती, कुणाला रिझवतही नव्हती. माळावर एखादीनं लांबच्या माणसाला हाक मारावी तसं गाणं.

मेंढी चुकली डोंगरी, अंधार आला दारी गं,
हाक मार तू माय, तिला आण माघारी गं.

भजन सुरू झालं की उठून जाणारा मी, जागचा हललो नाही. तबला पिशवीत भरणाऱ्या माणसाला विचारलं, या कोण? तो म्हणाला, "भागाबाई. धनगराची हाय, तळ्याकडं वस्तीय तिची. घरचंच जोडून म्हणती. ना संताचं नाव, ना छापील पुस्तक. मंडळात कसं घ्यावं?" शेवटच्या ओळीत संताचं नाव आलं की आमची माणसं हात जोडतात. नावच नसेल तर हात कुणाला जोडायचे, ही त्यांची अडचण होती.

मी सरळ तिलाच विचारलं, "बाई, गाणं तुमचं, मग शेवटी तुमचं नाव का नाही?"

"माझं कशाला? मला काय झालंय?" ती हसली. "मेंढरामागं फिरता फिरता गाणं जुळतंय, दादा. ज्याला गरज हाय त्याचं नाव घालायचं. मेंढरू नुसत्या हाकंनं वळतं, माणसाला नाव लागतं." तेवढ्यात सुमन बाहेर आली. भागाबाईनं तिच्याकडं पाहिलं आणि मला विचारलं, "अक्काचं नाव काय?" मी सांगितलं. तिनं पुन्हा थाप मारली आणि शेवटी गायली, "सुमनला हाक मार, माय, आण माघारी गं." माझे डोळे भरून आले. मला त्याची लाजही वाटली नाही.

रफिक रिक्षाला टेकून ऐकत होता. पुढं येऊन म्हणाला, "बाई, मेरी अम्मी का नाम बी डालो ना. घुटने भौत दुखते उनके." भागाबाईनं तिचं नाव विचारून घेतलं आणि कडव्याच्या शेवटी रजियाबीलाही देवीकडून तितक्याच मायेनं हाक मारवली.

तेव्हापासून मंगळवारची वाट सुमनपेक्षा मीच जास्त बघायला लागलो. भागाबाईची गाणी संपतच नव्हती. आटलेल्या तळ्याचं एक, काटेरी झुडपात अडकलेल्या कोकराचं एक, आणि एकात तर ती देवीलाच झापते, की तू पाटावर बसून राहा, आम्ही उन्हात. रझाकाराच्या साली जन्मले, एवढंच तिला आपलं वय ठाऊक. इतकी वर्षं गात आली आणि ऐकायला कोण, तर चपला शोधणारी माणसं. मी मंडळाशी भांडलो, माईक द्या म्हणालो. त्यांनी हसण्यावारी नेलं. भागाबाईलाही त्याचं काही वाटलं नाही. "माईकवर कुणाचं नाव घालू, दादा? इथं माणूस समोर दिसतंय."

एका संध्याकाळी मेथी निवडताना सुमन गुणगुणली. आधी नुसती चाल, मग 'डोंगरी', मग अख्खी ओळ. गाणं थांबलं की पुन्हा मुकी. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, गाण्यातले शब्द बोलण्याच्या आधी येतात. असेल. मी वाद घातला नाही.

पुढच्या मंगळवारी भागाबाईनं तेच गाणं घेतलं. सुमन शेजारी बसून तिच्याबरोबर म्हणत होती. शेवटची ओळ आली तशी मी सवयीनं सुमनचं नाव सांगायला तोंड उघडलं. भागाबाईनं मला हातानंच थांबवलं. "आज अक्का सांगंल. बोल बाय, कुणाला आणायचं माघारी?" आणि गाणं न तोडता ती नुसती खंजिरी वाजवत राहिली. नाहीच जमलं तर हिचं होतं नव्हतं ते अवसानही जाईल, असं वाटलं. मनात म्हणालो, आता माझ्या हातात काही नाही, तूच बघ. देवीशी माझं ते पहिलं बोलणं.

सुमननं माझ्याकडं पाहिलं. आणि गायली. त्या ओळीत माझं नाव होतं. लग्नातल्या उखाण्यानंतर प्रथमच तिनं माझं नाव घेतलं, चार माणसांत, स्पष्ट. देवीला म्हणाली, ह्यांना हाक मार, ह्यांना माघारी आण. इतके महिने मी हिला शोधत फिरतोय अशी माझी समजूत होती. तिच्या लेखी चुकलेला मी होतो.

आता ती बोलते. शब्द अडतो, पण 'अहो' परत आला आहे, आणि तो दिवसभर पुरतो. हे कशानं झालं याचा हिशेब मी मांडत नाही. भागाबाई अजून पायरीवरच बसते आणि आम्ही दर मंगळवारी तिच्यापुढं बसतो. देवळात मीही आता हात जोडतो. मागत मात्र काही नाही. माझ्या वाट्याचं मागणारी शेजारी उभी असते.