मेलेल्या नवऱ्याचा शर्ट

मंगरूळपीरच्या माझ्या घरात नवा माणूस आला की दारातच आवाज खाली आणतो. आमच्याकडे भिंतीवर एकट्या माणसाची मोठी तसबीर म्हणजे तो माणूस गेलेला, हे ठरलेलंच. आणि माझ्या तर चारही भिंतींवर अशी माणसं. मिठागरातली बाई, वीटभट्टीवरचा म्हातारा, बोगद्याच्या तोंडाशी बिडी ओढत बसलेला मजूर. शेजारीण एकदा हळूच विचारून गेली, तुमच्या घरचे एवढे जण कशानं गेले हो? मी म्हटलं, बाई, यातलं कोणी माझं नाही आणि कोणी मेलेलंही नाही. तिला ते जास्तच विचित्र वाटलं असावं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. लोक पगारातून सोनं घेतात, प्लॉट घेतात. मी छायाचित्रं घेते. खऱ्या माणसांची, खऱ्या जागी टिपलेली, छायाचित्रकारानं स्वतः उभं राहून छापून घेतलेली, खाली पेन्सिलीनं सही आणि क्रमांक असलेली. ठरलेल्या तेवढ्याच प्रती निघतात, मग त्या चित्राचं छापणं बंद. हे नातेवाइकांना समजावणं मी केव्हाच सोडलं. "फोटो तर मोबाइलमधी फुकट भेटते," इथपर्यंत गाडी आली की पुढे जात नाही. आमच्या फ्रेमवाल्यानं तर पहिल्याच चित्राची सहीची पांढरी पट्टी कापून टाकली. उगीच जागा खाऊन राह्यली होती म्हणे. त्या दिवशी मी दुकानात जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून समोर उभी राहून फ्रेम करून घेते आणि त्याला चहाही पाजते, कारण माझा राग माझ्याआधी दुकानात पोचतो हे आता त्यालाही माहीत झालंय.

तर परवाच्या पावसाळ्याआधीची गोष्ट. मोठ्या शहरातल्या एका कलादालनाच्या संकेतस्थळावर नवी चित्रं आली होती. एकाखाली लिहिलं होतं, 'शर्ट, वाशिम जिल्हा'. आपला जिल्हा तिथं बघायला मिळत नाही, म्हणून मोठं करून बघितलं आणि खुर्चीतून उठलेच. इंझोरीची माझी मावशी. माझ्या आईची सख्खी धाकटी बहीण. तुरीच्या ओळीत उभी, कमरेवर हात, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, लुगड्यावर पुरुषी चौकडीचा शर्ट, आणि कपाळावर तिची ती आठी. ही आठी मी लहानपणापासून ओळखते, कारण बहुतेक वेळा ती माझ्यामुळंच पडायची. मला इतका आनंद झाला की मी पुढचं काही वाचलंच नाही. मागवून टाकलं.

मावसाच्या हृदयाच्या शिरेत मागच्या वर्षी नळी बसवली. तेव्हापासून दर काही महिन्यांनी दोघं तपासणीला मंगरूळपीरला येतात आणि माझ्याकडे जेवून जातात. त्या माणसाला मावशीनं कसं जपलंय ते मी बघितलंय. अळणी भाजी, वेळेवर गोळी, वावरात जायला बंदी. रात्री तो घोरायचा थांबला तरी ही उठून बसते. म्हणून म्हटलं, बिचारीला जरा हसवू. चित्र ज्या नळकांड्यातून आलं ते तसंच बंद ठेवलं आणि ते दोघं आल्यावर त्यांच्यासमोर उघडलं.

मावशी आधी लाजली. मावसाच्या दुखण्याआधी एक साहेब वावरात आला होता, त्यानं काढला म्हणाली. मग बोटानं चित्राचा काठ चाचपला, कागद जाड आहे म्हणाली. कापसाचा आहे, मी सांगितलं. कापूस आमचा आणि कागद साता समुद्रापलीकडचा, असं म्हणून मावसा हसला. सोबत एक इंग्रजी पत्रक होतं. मी मोठ्या उत्साहानं मराठीत सांगत सुटले. वऱ्हाडातल्या एका शेतात, कापणीच्या दिवसांत, नवऱ्याच्या मृत्यूनंतर... आणि माझी जीभ अडली.

"पुढं?" मावशी म्हणाली.

पुढं काय. नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याचाच शर्ट अंगात घालून एकटीनं शेत सांभाळणारी विधवा. तिचं कोरं कपाळ. तिचं मौन. हे सगळं मी वाचलं, कारण मावशीपुढे अर्धं सोडता येत नाही. आणि वाचता वाचता माझं डोकं भणाणलं.

अरे, आमच्याकडची कोणती बाई शर्ट घातल्याशिवाय वावरात जाते? तुरीचा चिकटा अंगाला लागतो, शेंगा ओरबाडतात, उन्हानं कातडी जळते. सधवा घालते, विधवा घालते, लग्न न झालेली पोरगी घालते. आणि कपाळाचं म्हणाल तर आम्ही बौद्ध. माझ्या आजीनं कुंकू सोडलं ते नवरा धडधाकट असताना, धम्म घेतला म्हणून. मावशीनं तर जन्मात कुंकू लावलं नाही. गळ्यातली काळी पोत शर्टाच्या कॉलरखाली होती. एवढं बघून या शहाण्यानं एका माणसाला मारून टाकलं. विचारायचे कष्टसुद्धा नाहीत.

मावसाला मात्र भलतंच सुचलं. "शर्ट माहा कायचा? मी माहा शर्ट देतो काय वावरात फाडाले? तो हिनंच बाजारातल्या जुन्या कपड्याईच्या ढिगातून आनला होता." असं म्हणून तो इतका हसला की त्याला खोकला आला. मावशी हसली नाही. तिनं चित्र उलटं करून पलंगावर ठेवलं. निघताना दारात चपला घालून, मावसाकडे बोट करून मला म्हणाली, "तूच आनलं ना हे घरात. मंग यायचं मरन त्याच्यावरून पुसून दे."

मी पुसते म्हणाले.

कलादालनाला लिहिलं. त्यांनी गोड उत्तर पाठवलं की चित्रात काही दोष असल्यास परत पाठवावं. दोष! मी पुन्हा लिहिलं, चित्रात दोष नाही, तुमच्या डोक्यात आहे. मग त्यांनी छायाचित्रकाराचा पत्ता दिला. त्याचंही उत्तर आलं, लगेच आणि नम्र. झाल्या गोष्टीचं वाईट वाटतं, पण प्रती देशोदेशी गेल्या आहेत आणि त्या मजकुरासकटच गेल्या आहेत. शिवाय तेच चित्र त्याच्या येणाऱ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहे. लवकरच अकोल्याला त्याचं प्रदर्शन आणि व्याख्यान होतं, तिथं जरूर भेटावं. पुस्तक अजून छापायला गेलं नव्हतं, एवढं एकच मला त्यातून कळलं. म्हणजे अजून पुसता येत होतं.

मावशीला सांगितलं तर म्हणाली, मीबी येतो. मावसाला एकटं घरी ठेवायचं नाही, म्हणून तोही आला. आम्ही तिघं एसटीनं अकोल्याला गेलो. मावसानं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मेलेला माणूस दिसतो तरी कसा, ते लोकाईले पाहू दे, असं वाटभर म्हणत होता, आणि मावशी त्याला गप बसवत होती. हा शब्द तिला त्याच्या तोंडून ऐकवत नव्हता.

सभागृहात मावशी भिंतभर लावलेली होती. माझ्याकडच्यापेक्षा चौपट मोठी. लोक तिच्यासमोर उभे राहून हळहळत होते, आणि ती त्यांच्या मागं पिशवी घेऊन उभी होती. एकानंही ओळखलं नाही. चित्र न्याहाळताना एक बाई तर तिच्या पायावर पाय देऊन पुढे गेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

व्याख्यान संपल्यावर आम्ही त्याच्याकडे गेलो. माणूस वाईट नव्हता, हीच मोठी पंचाईत. त्यानं मावशीला वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली, मावसाचा हात हातात घेतला. बरं मराठी बोलत होता. मी म्हटलं, हे तिचे यजमान. तुम्ही मारलेले. आता ती ओळ काढा. त्यानं डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाला की चूक माझीच आहे, पण हे चित्र आता एका बाईचं राहिलेलं नाही, या भागातल्या अशा असंख्य बायांचं प्रतीक झालेलं आहे. ओळ काढली तर त्या सगळ्यांचं दुःख पुसल्यासारखं होईल.

मग मी सुटले. काय काय बोलले ते मला धड आठवत नाही. ज्यांचे नवरे खरंच गेले त्यांच्या दारात जाऊन विचारायला तुमची जीभ का झडली होती, असं काहीतरी म्हणाले. तुम्हाला विधवा पाहिजे होती, मिळाली नाही म्हणून तुम्ही करून घेतली, असंही म्हणाले. आयोजक धावत आले. लोक वळून बघायला लागले. मावशीनं माझा दंड धरला आणि मला मागं ओढलं.

ती त्याला म्हणाली, "साहेब, त्या दिवशी तुमाले तहान लागली होती. पानी कोनं देल्लं, आठोते काय?"

त्याचा चेहरा उजळला. आठवतं म्हणजे काय, म्हणाला. शेताच्या कडेला धुऱ्यावर एक शेतकरी बसला होता, फार दिलदार माणूस. कॅनमधलं उरलेलं सगळं पाणी त्यानं मला पाजलं, स्वतःसाठी घोटभर ठेवलं नाही. तुमच्या भागातल्या लोकांबद्दल बोलताना मी नेहमी त्याचीच आठवण सांगतो.

"ते हेच," मावशी म्हणाली.

तो मावसाकडे बघत राहिला. मावसानं संकोचून हात जोडले. त्या माणसाचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, मी बघितलं. आणि त्याच वेळी त्याचा हात गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे गेला. तुम्हा दोघांचा एक फोटो घेऊ का, त्यानं विचारलं.

मावशीनं तळहात पुढं करून भिंग झाकलं.

"आधी यायले जित्तं करा," ती म्हणाली. "मंग काढा."

त्यानं कॅमेरा खाली घेतला. बघतो म्हणाला, नक्की बघतो. पुस्तक दिवाळीच्या सुमारास आलं. मुखपृष्ठावर मावशी आहे आणि आत ती ओळ जशीच्या तशी आहे, पुरुषी शर्टासकट आणि कोऱ्या कपाळासकट. मावशीला मी अजून सांगितलेलं नाही. ती दर खेपेला विचारते, पुसलं का, आणि मावसा शेजारी बसून चहा फुंकत असतो.