आठ पायांची आयसी

कापसाच्या त्या वाईट वर्षांत यवतमाळ भागात लग्नं गुपचूप उरकायची, पण सभा मात्र दणक्यात व्हायच्या. माझी साउंड सर्व्हिस सभांवरच चालली. मोर्चा असो, पाहणी दौरा असो की कुणाचं सांत्वन, माईक माझाच असायचा. हे लिहिताना आजही तोंड कडू होतं.

माझं सामान दुरुस्त व्हायचं चाचांच्या दुकानात. चाचा बसस्टँडमागचे जुने रेडिओ मेकॅनिक. सोल्डरिंगची कांडी कशी धरायची इथपासून सगळं मला त्यांनीच शिकवलं होतं, आणि दुकानातलं अर्धं टेबल माझ्या कामाला दिलं होतं. माझ्याकडे एक जुना मिक्सर होता, चार माईकचे आवाज एकत्र करणारी पेटी. तिच्यातून कुणीही बोललं तरी मागे तेल तापल्यासारखी सुरसुर यायची. पुढाऱ्यांच्या ओरडण्यात ती लपायची, पण हळू बोलणारा माणूस तिच्यात बुडून जायचा.

"मशीन खराब नाई बेटा," चाचा झाकण उघडून म्हणाले. "आयसी हलकी हाय. आवाज मोठा करते, पन सोबत आपलाबी आवाज मिळवते."

माईकचा बारीक आवाज मोठा करणारी ती आठ पायांची काळी आयसी, ऑप-अँप म्हणतात तिला. तितक्याच पायांची, त्याच जागी बसणारी भारी आयसी मिळते हे आम्हाला ठाऊक होतं. मी नागपूरला जाऊन चार आणल्या. चाचांनी थिनरचा बोळा फिरवला, तर वरचा नंबर पुसून खालून जुनाच नंबर निघाला. हलक्या मालावर भारी शिक्का. मी परत नागपूर गाठलं, दुकानदाराशी भांडलो आणि खऱ्या घेऊन आलो.

चाचांनी जुन्या आयसी काढून त्यांच्या जागी बेस बसवले, म्हणजे पुढे आयसी बदलताना सोल्डर करावं लागू नये. पण नव्या आयसी बसवल्यावर आवाज फाटायला लागला. त्या इतक्या तापल्या की बोट ठेववेना. दोन दिवस आम्ही डोकं खाजवलं. शेवटी चाचांनी प्रत्येकीच्या चौथ्या आणि आठव्या पायाच्या मध्ये, सप्लायवर, एक छोटासा कंडेन्सर जोडला. आयसी थंड झाल्या. चाचा माईकवर नुसतं "हां" म्हणाले, आणि त्या "हां"च्या आधी घेतलेला श्वाससुद्धा स्पीकरमधून ऐकू आला. सुरसुर नव्हतीच. चाचा लहान मुलासारखे हसले.

"आता गरीबबी बोलला त ऐकू येईल," ते म्हणाले.

पंधरा दिवसांनी कापूस बाजाराच्या आवारात एका बड्या पाहुण्याची सभा होती. माझा मिक्सर स्टेजच्या बाजूला, चाचा पार मागच्या स्पीकरजवळ उभे. आभाराचे दोन शब्द बोलायला आयोजकाने तांड्यावरच्या एका बाईला उभं केलं. चाळिशीची बाई, हातात बिलोरी बांगड्या. आभार मानायचे हे तिला पढवून ठेवलेलं असावं. तिने माईक दोन्ही हातांनी धरला आणि अगदी हळू बोलायला लागली.

"म्या इथं सरकारी खरेदीच्या रांगेत चार दिवस गाडीवर बसून काढले. मंग तुमच्या मानसानं माहा कापूस कवडी हाय, डागी हाय म्हनून परत केला. तोच कापूस व्यापाऱ्यानं घेतला, अन् दुसऱ्या दिवशी इथंच आनला. त तो एक नंबर कसा झाला?"

शेवटच्या बैलगाडीपर्यंत प्रत्येक शब्द पोचला होता. आयोजक माझ्या कानाशी वाकला. "बाईचा माईक कमी कर. हळूहळू कर, एकदम नको."

मी बटण फिरवलं. हळूहळूच. बाईचे ओठ हलत राहिले. तिने माईकवर टिचकी मारली, तारेकडे पाहिलं. "मशीन बिघडली," असं सांगून आयोजकाने तिला खाली बसवलं.

चाचा गर्दीतून धावत आले. त्यांना वाटलं, त्यांचाच कंडेन्सर उडाला. सभा संपल्यावर दुकानात त्यांनी पेटी उघडली, सगळी जोडणी तपासली. तासभर ते स्वतःलाच दोष देत होते आणि मी समोर बसून चहा पीत होतो. मग त्यांनी मान वर केली.

"फाल्ट कुठंच नाई. बटन तू घुमवलं?"

"त्यानं सांगतलं, चाचा. पुढच्या सगळ्या सभा त्याच्याच हातात हाय."

चाचांनी पेटी पुन्हा जवळ ओढली. चिमट्याने त्यांनी चारही नव्या आयसी बेसमधून उपटल्या आणि डबीतल्या जुन्या बसवल्या. "तुह्या कामाले ह्याच पुरे," म्हणाले. त्यानंतर दुकानातलं माझं अर्धं टेबल गेलं. रस्त्यात भेटले की सलाम घ्यायचे, थांबायचे नाहीत.

पुढच्या सभा मला मिळाल्या. सगळ्या.

वर्षभराने दारव्ह्याच्या स्टँडवर ती बाई माझ्या शेजारी येऊन बसली. तिने मला ओळखलं.

"त्या दिवशी माईक बंद पडला ना भाऊ? मलेच धरता आला नसन. कधी धरला नवता न."

सांगायला एवढी चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. आजूबाजूला ओळखीचं कुणीही नव्हतं.

"नाई मावशी," मी म्हणालो, "मशीन जुनी होती."

"होते कधी कधी," ती म्हणाली, आणि बस लागली म्हणून पिशवी उचलून उठली. मलाही त्याच बसने जायचं होतं. मी दुसऱ्या बसची वाट पाहत तिथेच बसून राहिलो.