पाठ आधी, पुस्तक मग

आमच्या आईला कोणी विचारलं, तुमच्या मुली कुठल्या शाळेत जातात, तर ती भाकरी थापता थापताच सांगायची, "चुलीपाशी." विचारणारा हसायचा. आई हसत नसे. तिला त्यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं.

पारोळ्यापासून बैलगाडीने अर्धी सकाळ जाईल इतक्या अंतरावर आमचं गाव होतं. आबा मिशनचे प्रचारक. आठवड्यातले बरेच दिवस ते गावोगाव पायी हिंडत, आणि घरी आले की त्यांच्या पायांच्या भेगांत आई कोमट तेल भरत असे. गावात ख्रिस्ती घर एकच, आमचं. शाळा होती, पण आम्ही आत बसलेलं गावाला चालत नव्हतं. मास्तर भले होते, पण त्यांच्या भलेपणाची धाव ओट्यापर्यंत. ते मला ओट्याच्या कडेला बसवायचे आणि पाटी लांबून तपासायचे. एकदा आईने जाता-जाता हे पाहिलं. तिने तिथल्या तिथे मला हाताला धरून उठवलं, आणि मी पुन्हा त्या ओट्यावर चढले नाही.

दुसरी वाट धुळ्याच्या बोर्डिंगची. मिशनच्या माणसांनी आपली मुलं तिथे ठेवावीत असा नियमच होता. माझा थोरला भाऊ त्या नियमाने तिथे गेला आणि पहिल्याच पावसाळ्यात तापाने दगावला. आबा धुळ्याला पोचले तेव्हा त्याला मातीही देऊन झाली होती. आईने आपल्या मुलाचं तोंड पाहिलं नाही. प्रभूने दिलं, प्रभूने नेलं, असं सांत्वन करायला आलेल्या बायका म्हणाल्या. आईने मान डोलावली, पण बोर्डिंगला तिने कधीच माफ केलं नाही. मला वाटतं, प्रभूलाही माफ करायला तिला बराच वेळ लागला.

म्हणून आमच्या दोघी बहिणींची वेळ आली तेव्हा ती धुळ्याला मिशनच्या बंगल्यावर जाऊन मडमसाहेबांसमोर उभी राहिली. आई नगरकडची, स्वतः सातवीची फायनल झालेली. ती म्हणाली, "मुलींना मी घरी शिकवीन." मडमसाहेब मनाने वाईट नव्हत्या, पण नियमाला धरून चालणाऱ्या. त्यांनी अट घातली. दरवर्षी सुगी संपली की त्या आमच्याकडे येतील आणि परीक्षा घेतील. दोघी उतरल्या तर दोघी घरी राहतील. एक जरी अडखळली तरी दोघींना बोर्डिंग. आई "बरं" म्हणाली आणि घरी येऊन तिने आधी चूल सारवली.

त्या दिवसापासून आमचं घर हीच शाळा. उजाडताना उपासना. आबा, आई, मी, धाकटी, अशी पाळी ठरलेली. ज्याची पाळी असेल त्याने शास्त्र, म्हणजे बायबल, हातात घ्यायचं, ओळीखाली बोट धरायचं, त्या आठवड्याच्या स्तोत्रातलं आपलं वचन वाचायचं आणि पुस्तक पुढे द्यायचं. मग प्रार्थना, मग झाडलोट, मग पाढे. पावकी, निमकी, दिडकी आम्ही भाकरीच्या तालावर म्हणत असू. चुकलं की आई भाकरी थापायची थांबायची, आणि त्या शांततेला आम्ही छडीपेक्षा जास्त भीत असू. अंगणात आम्ही गावच्या पोरांशी अहिराणीत भांडायचो आणि उंबरठ्याच्या आत आलो की शुद्ध बोलायचो. तो उंबरठा आईने फार कडक राखला होता.

तिची शिकवण्याची रीत एकच होती: पाठ आधी, पुस्तक मग. स्तोत्र असो की क्रमिक पुस्तकातला धडा, आधी तो तिच्या तोंडून ऐकायचा, पाठ करायचा आणि पक्का झाला की मगच पुस्तक उघडायचं. जे ओठांवर आहे तेच कागदावर बोटाने शोधायचं. अक्षरं मात्र वेगळी शिकवायची. परातीत बारीक धूळ पसरून त्यात बोट धरून गिरवून घ्यायची आणि नंतर पाटीवर ठळक काढून द्यायची. तिच्या शाळेतल्या बाईंनी तिला असंच शिकवलं होतं. मीही असंच शिकले आणि पुढे जन्मभर घडाघडा वाचत आले. म्हणजे रीत काही खोटी नव्हती.

धाकटी माझ्याहून तीन वर्षांनी लहान. देवाने तिला स्मरणशक्ती द्यायची तेव्हा हात आखडता घेतला नाही. आई एकदा म्हणायची, दुसऱ्यांदा आम्ही दोघी म्हणायचो, तिसऱ्यांदा ती एकटी म्हणायची आणि मी अजून पहिल्या ओळीत चाचपडत असायचे. मला तिचा हेवा वाटायचा. शेजारची बाई सरपण मागायला आली की दारातच उभी राहून ऐकायची. धाकटीला सगळं तोंडपाठ कसं येतं याचं नवल करत एकदा ती म्हणाली, "तुनी धाकली ते बठ्ठं तोंडेच म्हनस वं, बाई!" आईने मान खाली घातली, पण गालातलं हसू लपलं नाही. त्या दिवशी शेजारणीला मागितल्याहून जास्त सरपण मिळालं.

बाकी सगळ्या बाबतीत धाकटी वेंधळी. अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांवरून चालत जायची. ताटातला ठेचा भाकरी समजून चिमटीत धरायची आणि मग हाशहुश करायची. पाटीवर अक्षर काढायची ते एवढं मोठं की दोन अक्षरांत पाटी भरे. आई म्हणे, "पाटी आहे का शेत?" आम्ही सगळे हसायचो. तीही हसायची, मनापासून. आमचं ते ठरलेलं हसणं होतं: अक्का, म्हणजे मी, मठ्ठ, आणि धाकटी वेंधळी.

दोन वर्षं मडमसाहेब आल्या आणि दोन्ही वर्षं आम्ही उतरलो. त्या आईचंच क्रमिक पुस्तक उघडून, धड्याचं नाव सांगून तो काढून देत, आणि ते सारे धडे धाकटीला येत होते. तिसऱ्या वर्षी त्या खुशीत होत्या. परीक्षा संपता संपता त्यांनी पिशवीतून एक नवीन गोष्टींचं पुस्तक काढलं. रंगीत चित्रांचं, अजून कोऱ्या कागदाचा वास येणारं. हे धाकटीला बक्षीस, असं सांगून त्यांनी ते तिच्या हातात उघडून दिलं आणि म्हणाल्या, "यातलं थोडं वाचून दाखव, बाळ."

धाकटीने पुस्तक मांडीवर घेतलं. डाव्या बाजूच्या पानावर पाण्यात उतरलेल्या हत्तीचं मोठं चित्र होतं. तिने त्या हत्तीच्या पोटावर बोट ठेवलं, घसा साफ केला आणि त्या आठवड्याचं स्तोत्र स्पष्ट आवाजात म्हणू लागली. बोट हत्तीवरून सावकाश सरकत होतं.

मडमसाहेबांचं हसू आधी रुंद झालं आणि मग अर्ध्यावर थांबलं. आबांचा चेहरा लाल झाला. आईला वाटलं, पोरगी पाहुण्यांची चेष्टा करते आहे. तिने उठून तिला थोबाडीत मारली. धाकटी रडली नाही. ती घाबरून घाईघाईने तेच स्तोत्र पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली. तिला वाटलं, मध्ये एखादं वचन गळलं असावं.

मडमसाहेब तिच्यापाशी खाली जमिनीवर बसल्या. त्यांना मी जमिनीवर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी चित्राकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय आहे?" धाकटी म्हणाली, "स्तोत्र." त्यांनी पान उलटलं. "आणि हे?" तिने आवाजाच्या दिशेने तोंड वर केलं आणि आईकडे वळून विचारलं, "आई, कुठलं म्हणू?"

चुलीवरची भाकरी करपल्याचा वास आला तरी कोणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी आबा आणि आई तिला घेऊन धुळ्याला गेले आणि मलाही बरोबर नेलं, कारण घरी ठेवायला कोणी नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांनी दिवा धरून तिचे डोळे बराच वेळ पाहिले. वरून डोळे टपोरे, स्वच्छ, काजळ घातल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांच्या आतली नस वाळत चालली आहे. माणसं, झाडं, पाटीवरचं मोठं अक्षर एवढं तिला आतापर्यंत अंधुक दिसलं असेल. छापील बारीक अक्षर तिला बहुधा कधी दिसलंच नसावं. आता उरलेलंही जाईल. आईने विचारलं, "आधी आणलं असतं तर?" डॉक्टर म्हणाले, "कदाचित काही करता आलं असतं. कदाचित नसतंही." त्यातलं पहिलं वाक्य आईने जन्मभर जवळ ठेवलं. दुसरं तिने ऐकलंच नाही.

दवाखान्याबाहेर निंबाखाली आम्ही बसलो. आबा टांगा पाहायला गेले. आईने धाकटीला मांडीवर घेतलं. आठ वर्षांची घोडी, पण घेतलं. आदल्या दिवशी मारलेल्या गालावरून हात फिरवत तिने विचारलं, "बाळा, पुस्तकातली अक्षरं दिसत नव्हती, तर मला सांगितलं का नाहीस?"

धाकटी गोंधळली. "पुस्तकात पण अक्षरं असतात?" ती म्हणाली. "अक्षरं पाटीवर असतात ना?"

"मग पुस्तकात काय असतं, असं वाटायचं तुला?"

"करडं करडं असतं. त्यावर बोट फिरवायचं आणि म्हणायचं." ती जरा थांबली. आई रडते आहे हे तिला श्वासावरून कळलं असावं, कारण ती एकदम अंगणातल्या बोलीत बोलायला लागली. "माले वाटे, तुमी बठ्ठा बी पाठच म्हनतस. अक्काले जास्त पाठ शे, माले कमी."

प्रार्थनेला जसे हात जोडायचे, तसं म्हणताना पुस्तक धरायचं, एवढंच तिला समजलं होतं. तिने काही लपवलं नव्हतं. ती आमच्यासारखंच करत होती, असं तिला वाटत होतं. मी तिचा इतकी वर्षं हेवा केला आणि ती बिचारी माझा करत होती. आज म्हातारपणीही हे आठवलं की मला जेवण जात नाही.

टांगा आला. मडमसाहेब बंगल्यावर वाट पाहत होत्या. त्या फार मऊपणाने बोलल्या. या घरापुरता नियम आता मी विसरले, दोघी मुलींना तुमच्यापाशीच ठेवा, असं म्हणाल्या. आईला जे हवं होतं ते सगळं तिला मिळालं होतं. आबांनी सुटकेचा श्वास सोडला.

आई म्हणाली, "थोरलीला बोर्डिंगमध्ये घ्या."

आबा तिच्याकडे बघतच राहिले. "अगं, मडमसाहेब स्वतः परवानगी देताहेत," ते म्हणाले.

"त्या देताहेत. मी देत नाही," आई म्हणाली. "तीन वर्षं रोज सकाळी माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली पोर, आणि मला कळलं नाही. या थोरलीचं आणखी काय मला दिसत नसेल, कोणी सांगावं? हिला चार लोकांच्या डोळ्यांखाली राहू दे." आबांनी तिला खूप समजावलं. मी तिच्या पदराला धरून रडले. ज्या जागेने तिचा एक मुलगा खाल्ला, त्या जागेच्या हाती ती मला आपण होऊन देत होती, आणि मला हे अजिबात समजत नव्हतं. मला वाटलं, जिला दिसत नाही ती तिची लाडकी, आणि मला दिसतं म्हणून मी नकोशी.

तिथून आम्ही सरळ बोर्डिंगवर गेलो. फाटकाशी आबा धाकटीला घेऊन टांग्यातच थांबले. आई प्रवासासाठी बांधलेलं माझं बोचकं घेऊन आत आली, ते तिथल्या बाईंच्या हाती दिलं, आणि निघताना परत फिरली. तिने माझी हनुवटी धरली आणि फाटकावरच्या पाटीकडे तोंड वळवलं. "वाच," ती म्हणाली. मी वाचलं. तिचं समाधान झालं नाही. पाटीवरचं मला कुणी आधी सांगितलं असेल, असं तिला वाटलं की काय, देव जाणे. तिने मैदानापलीकडचं झाड दाखवलं. "त्या शेंड्यावर काय बसलंय?"

मी बघितलं आणि लगेच बोलले नाही. मला कळत होतं. दिसत नाही म्हटलं असतं, तर आईने मला तशीच उचलून टांग्यात घातली असती, आणि दुसऱ्या दिवशी मी आमच्या चुलीपाशी असते. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. दुसरीचेही डोळे गेले, हे ऐकायला ती उभी होती.

"कावळा," मी म्हटलं. "त्याच्या चोचीत काडी आहे."

आईने माझी हनुवटी सोडली आणि जाऊन टांग्यात बसली.